पैशाला चोख, वायद्याला सैल : शहापुरातील एक शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान

बेळगावच्या शहापूर भागात, खडे बाजारातून वडगावकडे जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत, जिन्याखालच्या आठ बाय सहाच्या जागेत शिलाई मशीन दुरुस्तीचे एक दुकान आहे. त्याला पाटी नाही. मी अभिप्राय लिहिणार असल्याचे मालकांना सांगितले तेव्हा, "नाव घालू नकासा बाई, गर्दी वाढती," एवढेच ते म्हणाले, म्हणून नाव आणि नेमका पत्ता देत नाही. शहापुरात ब्लाऊज शिवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारले तर ती दुकान दाखवील. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तसेच म्हणते. गेली नऊ वर्षे मी तिथे जाते आहे. आईचे काळे पायमशीन, माझे स्वतःचे आणि वडगावात शिवणकामावर घर चालवणाऱ्या माझ्या जाऊबाईंची दोन अशी चार मशीन्स या काळात मिस्त्रींच्या हाताखालून गेली आहेत. एका भेटीवर अभिप्राय देण्याची पद्धत मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हेच या लेखात सांगायचे आहे.

मी नोकरीत असताना बी. ए. च्या मुलांना नीतिशास्त्र शिकवत होते. त्यामुळे दुकानाला पाच तारे द्यावेत की तीन, असा प्रश्न आला की माझा हात अडखळतो. एलिझाबेथ ॲन्सकम या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी १९५८ साली एका निबंधात म्हटले होते की, 'नैतिकदृष्ट्या चूक' असा मोघम शिक्का मारण्यापेक्षा 'असत्य', 'अन्याय्य' असे त्या दोषाचे नाव घ्यावे, म्हणजे निदान आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे तरी कळेल. दुकानांच्या अभिप्रायांना हे फार लागू पडते. 'सेवा वाईट' म्हणजे काय? माणूस लबाड आहे, उद्धट आहे, आळशी आहे, की नुसता गबाळा? या चारही गोष्टींना एकच तारा पडतो. ॲन्सकमबाईंच्या त्या निबंधानंतर सद्गुणांचे नीतिशास्त्र पुन्हा चर्चेत आले. त्या परंपरेत, कोणते कृत्य योग्य या प्रश्नाच्या आधी, माणूस कसा असावा आणि तो तसा कसा घडतो, हा प्रश्न येतो. मिस्त्रींचे दुकान मी त्याच दृष्टीने पाहिले आहे.

पहिल्यांदा गेले ते आईचे मशीन घेऊन. टाके उडत होते. दहा टाके नीट पडले की अकरावा गायब. त्याआधी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानदाराने शटल, बॉबिन केस आणि आणखी काय काय बदलावे लागेल असे सांगून चौदाशे पन्नास रुपयांचा आकडा कागदावर लिहून दिला होता. मिस्त्रींनी तो कागद पाहिला आणि बाजूला ठेवला, त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. सुईखालची पट्टी काढली, शटल बाहेर घेतले आणि त्याच्या नोकेवरून अंगठ्याचे नख हळूच फिरवले. नख एका जागी अडकले. मग माझे नख धरून तिथून फिरवायला लावले, माझेही अडकले. केसाएवढी चीर होती, धागा तिथेच अडत होता. बारीक पॉलिश पेपरने त्यांनी ती नोक पाच मिनिटे घासली, सुईची दांडी किंचित खाली घेतली, तेल सोडले आणि फडक्याच्या तुकड्यावर हातभर शिलाई मारून दाखवली. ऐंशी रुपये झाले.

असा प्रसंग कोणाही ग्राहकाला भुरळ घालतो, आणि इथेच बहुतेक अभिप्राय संपतात. मला मात्र परत येताना रिक्षात जर्मन तत्त्वज्ञ कांटचा किराणा दुकानदार आठवला. कांटने १७८५ साली हे उदाहरण दिले : एक दुकानदार अडाणी गिऱ्हाईकालाही, अगदी लहान मुलालाही, ठरलेल्या भावानेच माल देतो, पण तेवढ्यावरून तो कर्तव्यबुद्धीने प्रामाणिक आहे असे म्हणता येत नाही, कारण चोख व्यवहार हा धंद्याच्याही फायद्याचाच असतो. ऐंशी रुपये घेऊन मिस्त्रींनी नऊ वर्षांचे गिऱ्हाईक मिळवले, शिवाय माझ्या तोंडून आणखी दहा. हिशेबाने पाहिले तर हा सौदा चौदाशे पन्नासपेक्षा किती तरी फायद्याचा. वागणे चांगले होते याबद्दल शंका नाही, पण माणूस चांगला आहे का, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

तो प्रश्न थोडासा सुटला तो तीन वर्षांनी. जाऊबाई पट्टा बदलून घ्यायला गेल्या होत्या, मी सोबत होते. पट्टा चढवता चढवता, मान वर न करता मिस्त्री म्हणाले, "तुमचे सत्तर रुपये हाईत माझ्याकडं." दोन महिन्यांपूर्वी त्यांनी जाऊबाईंच्या मशीनला कंपनीची म्हणून बॉबिन केस बसवली होती आणि तसे पैसे घेतले होते. नंतर त्याच खोक्यातल्या दुसऱ्या दोन केस गिऱ्हाईकांकडून परत आल्या, तेव्हा व्यापाऱ्याने नकली माल मिसळून दिल्याचे त्यांच्या लक्षात आले. जाऊबाईंची केस व्यवस्थित चालत होती, तक्रार नव्हती आणि दोन्हींतला फरक त्यांना आयुष्यात कळला नसता. गल्ल्यातून पन्नासची आणि वीसची नोट काढून त्यांनी मशीनच्या फळीवर ठेवली आणि पुन्हा पट्ट्याला लागले. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना, म्हणून मी विचारलेच की, सांगितले नसते तर मनाला लागून राहिले असते का? "तसं काय न्हाई ओ बाई. झोप लागली असती की. पैसे त्यांचे हुते, त्यांना दिले."

हे उत्तर मी वर्गात कितीदा तरी सांगितले असते, पण तोवर निवृत्त झाले होते. ॲरिस्टॉटलने न्याय्य कृत्य आणि न्यायी माणूस यांत फरक केला आहे. न्यायी माणसासारखे वागायचे तर कृत्य करणाऱ्याला आपण काय करतो याची जाण हवी, ते कृत्य त्याने त्या कृत्यासाठीच निवडलेले हवे, आणि ते पक्क्या, न हलणाऱ्या स्वभावातून आलेले हवे. त्याहून बारीक फरक त्याने संयमी आणि सद्गुणी यांत केला. संयमी माणसाला मोह होतो, तो दात-ओठ खाऊन त्यावर मात करतो. सद्गुणी माणसाला तिथे झगडाच करावा लागत नाही. आपण गोष्टी सांगताना नेहमी पहिल्याला मोठे करतो, कारण त्याच्या गोष्टीत रंग भरता येतो. मिस्त्रींच्या गोष्टीत रंगच नव्हता. नोटा फळीवर ठेवणे आणि पट्टा ओढून घेणे ही त्यांच्या लेखी एकाच मोलाची कामे होती. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी यात एक भर घातली आहे, ती मला पटते : अडचण गरिबीसारख्या परिस्थितीतून आलेली असेल तर तिला तोंड देणाऱ्याचा सद्गुण वाढतो, पण अडचण मनातल्या हावेतून आलेली असेल तर ती सद्गुणातली उणीवच दाखवते. ज्या दिवशी गल्ल्यात जेमतेम दोन-तीनशे रुपये जमत असतील, त्या दिवशी सत्तर ही लहान रक्कम नव्हे.

आता कामाविषयी, कारण दुरुस्ती चांगली नसेल तर स्वभाव घेऊन काय करायचे? काम उत्तम आहे. त्यांची एक सवय इतर कारागिरांत मी क्वचितच पाहिली. मशीन दुरुस्त झाल्यावर टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, लावायच्या आधी ते विचारतात, "काय शिवतासा ह्यावर?" जाऊबाई खणाचे ब्लाऊज शिवतात, माझे काम मुख्यतः सुती गोधड्यांचे. मिस्त्री टेबलाच्या कप्प्यातून त्याच जातीचा चिंधीचा तुकडा शोधतात, त्यावर शिलाई मारून तो दारातल्या उजेडात धरतात, उलटा करतात आणि टाक्यांवरून बोट फिरवतात. वरचा धागा आणि बॉबिनचा धागा यांची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे. टेन्शन जास्त झाले तर ती वर दिसते आणि कापड चुण्या घेते, कमी झाले तर खाली धाग्याच्या लडी लोंबतात. चकती पाव फेरा फिरवायची, पुन्हा तुकडा, पुन्हा उजेड. ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग म्हणजे दोन टोकांची बेरीज करून निम्मे घेणे, असा समज परीक्षेच्या पेपरांत मला वर्षानुवर्षे वाचावा लागला. त्याने स्वतःच मिलो पैलवानाचा दाखला देऊन तो खोडला होता : एखाद्याला दहा माप अन्न जास्त आणि दोन कमी होते म्हणून प्रत्येकाला सहा माप वाढायचे नसते, पैलवानाला तेवढे पुरणार नाही, नवशिक्याला ते जास्त होईल. खणाचे टेन्शन गोधडीला चालत नाही. त्या पोरांना एकदा या दुकानात आणायला हवे होते.

दुसरी गोष्ट, आधी हात लावलेल्या कारागिराची निंदा ते करत नाहीत. प्लंबर असो, टीव्हीवाला असो वा दाताचा डॉक्टर असो, "आधी कुणी केलं हे?" या प्रश्नाने सुरुवात करण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या प्रश्नातच बिल वाढण्याची नांदी असते. बाराव्या शतकात बसवण्णांनी सांगितलेल्या आचारांत चोरी नको, खोटे नको यांच्या पंक्तीला स्वतःची स्तुती नको आणि दुसऱ्याची निंदा नको हेही आहे. आपल्या भागात ते वचन मराठी घरांतल्या मुलांच्याही कानावर कन्नडच्या तासाला पडते. शेवटच्या दोन आचारांकडे कोणी फारसे पाहत नाही. काढलेले जुने भाग मिस्त्री वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, दोरा बांधून गिऱ्हाईकाच्या हाती देतात. ते मागावे लागत नाहीत. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला वा दखनीत, भाव तोच राहतो. हे मी शेजारी बसून ऐकलेले आहे, आणि आपल्या या सीमेवरच्या गावात ते नोंदवण्याजोगे आहे.

इथपर्यंत वाचून कोणी लगेच मशीन उचलून निघणार असेल तर जरा थांबावे. मिस्त्री वायद्याला अत्यंत सैल आहेत. 'उद्या या' हे त्यांचे पालुपद. कन्नड बोलणाऱ्यांना 'नाळे बर्री'. नव्वदच्या दशकात कर्नाटकात भूत दारावर येऊ नये म्हणून लोक दारांवर 'नाळे बा' असे लिहून ठेवत. भूत ते वाचून परत जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. मिस्त्रींच्या दुकानी माझी गत पुष्कळदा त्या भुतासारखी झाली आहे. माझे मशीन एकदा पाच 'उद्या' ओलांडून सहाव्या दिवशी मिळाले. भिंतीवर मराठी आणि कन्नड अशी दोन कॅलेंडरे आहेत, तारीख मात्र दोहोंपैकी एकाचीही पाळली जात नाही.

मला यात विनोद वाटत असे, तो एका दिवाळीच्या आधी संपला. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली एक तरुण बाई दुकानासमोर उभी होती. तिचे मशीन आठवडाभर तिथे होते आणि ती तिसऱ्यांदा आली होती. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बसचे तिकीट पडत नाही, म्हणून भाडे वाचले हे खरे, पण दिवस? सणाच्या तोंडावर गावातले चार-पाच ब्लाऊज तिच्या हातून निसटले होते, ते दुसरीने शिवून दिले होते. ती मोठ्याने बोलली नाही. "मामा, हुनार न्हाई म्हनून सांगायचं हुतं, मी आले नसते," एवढेच म्हणाली. मिस्त्रींकडे उत्तर नव्हते. त्यांनी हातातले काम टाकून तिचे मशीन पुढे ओढले, म्हणजे ज्याला त्या दिवसाचा वायदा दिला होता त्याचे मागे पडले.

ॲरिस्टॉटल सत्यवादी माणसाविषयी म्हणतो की, जिथे काहीच पणाला लागलेले नाही तिथेही जो खरे बोलतो, तो जिथे काही पणाला लागलेले आहे तिथे तर खरे बोलेलच. मिस्त्रींच्या बाबतीत ही साखळी उलटी लागलेली दिसते. सत्तर रुपये पणाला लागले की माणूस खरा. नुसता दिवस सांगायचा असला की खोटा. मग त्यांना सत्यवादी म्हणायचे की नाही? बाजारात 'उद्या' हे विधान नसतेच, ती नुसती निरोप देण्याची तऱ्हा असते, असा बचाव जाऊबाईंनी केला. शहरातल्या गिऱ्हाईकापुरता तो चालेल, खानापूरच्या बाईला चालत नाही. तिने ते विधान समजून बस पकडली होती.

मी बराच विचार करून या मताला आले आहे की मिस्त्रींचा दोष असत्याचा नाही, भिडेचा आहे. त्यांना नाही म्हणता येत नाही. समोरची बाई हिरमुसली होऊन जाईल हे त्यांना सोसत नाही, म्हणून तिला ते एक दिवस उधार देतात. सर्वांना गोड वाटावे म्हणून कशालाच विरोध न करणारा माणूस ॲरिस्टॉटलच्या यादीत आहे, आणि तो त्याला सद्गुणी मानत नाही. आपल्याकडे गीतेच्या सोळाव्या अध्यायातली दैवी संपत्तीची यादी सुरू होते ती अभयापासून. सत्य त्यानंतर, दुसऱ्या श्लोकात येते. हा क्रम मी पाठ म्हणत आले, त्याचा अर्थ मात्र या जिन्याखाली लागला. अभय नसेल तर सत्याची गाडी अशा लहान लहान चढांवर थांबते. शिवाय व्यवहारज्ञान नावाचा एक गुण लागतो, ज्यावाचून इतर गुण आंधळे राहतात असे ॲरिस्टॉटल सांगतो : किती मशीन्स घ्यायची, कोणते आधी करायचे, कोणाचे पोट कोणत्या मशीनवर आहे. दयेपोटी सगळ्यांचीच मशीन्स घेणाऱ्या माणसाच्या हातून सगळ्यांचाच खोळंबा होतो.

घाईत माणूस कसा वागतो, हेही मी मुद्दाम सणाच्या गर्दीत बसून पाहिले. त्यामागे १९७३ सालचा एक प्रयोग होता. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या चाळीस विद्यार्थ्यांना डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एका इमारतीतून दुसरीकडे पाठवले आणि वाटेत एक कण्हणारा माणूस बसवला. ज्यांना वेळ आहे असे सांगितले होते त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते त्यांतले केवळ १० टक्के. यावरून काही अभ्यासकांनी स्वभाव वगैरे काही नसतोच, परिस्थितीच माणसाला चालवते, असा निष्कर्ष काढला. मी पाहिले त्या संध्याकाळी दुकानात नऊ मशीन्स होती आणि वीज दोनदा गेली. मिस्त्री एका कॉलेजच्या मुलीवर विनाकारण खेकसले. तिने फक्त सुईचा नंबर विचारला होता. पण तासाभरात तीन मशीन्सची बिले झाली, तिन्हींच्या जुन्या भागांच्या पुड्या बांधल्या गेल्या आणि एका बाईला, "शटल अजून वरीसभर जाईल, आता नको," असे सांगितले गेले. म्हणजे गोडवा परिस्थितीने नेला, चोखपणा राहिला. एका संध्याकाळीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळते. मी केवळ पाहिलेले सांगते आहे.

चांगल्या वाईट दोन्ही सवयी हाताने करून करूनच लागतात, हे पाहायचे असेल तर मिस्त्रींच्या भाच्याकडे पाहावे. बांधकाम करून माणूस गवंडी होतो, पण वाईट गवंडीही बांधकाम करूनच होतो, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे आहे. हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभरापासून शिकतो आहे. शटलच्या नोकेवरून नख फिरवायला तो शिकला, पुडी बांधायला शिकला. गाठ मामांसारखीच, डाव्या अंगाला. आणि 'उद्या या' म्हणायला तर तो चार महिन्यांतच शिकला, तेही मामांच्या त्याच हेलात, मान न उचलता. मी त्याला एक वही आणून दिली, मशीन कधी आले आणि कधी द्यायचे हे लिहायला. दोन आठवडे ती भरली गेली. आता तिच्या मागच्या पानांवर सुट्या भागांच्या किमती आहेत.

दर सांगते : साधी सफाई आणि तेल दीडशे रुपये, पूर्ण मशीन खोलून बसवायचे तर सहाशेच्या आसपास, भाग वेगळे. ऑनलाइन पैसे चालतात, कोड काउंटरवर लावलेला आहे. अमावास्येला दुकान बंद असते. कॉम्प्युटरवर चालणारी नवी भरतकामाची मशीन्स ते घेत नाहीत, आणि 'मला येत नाही' असे स्पष्ट सांगतात. सणाच्या किंवा लग्नसराईच्या आधी पंधरा दिवस ज्यांना मशीन अडवून चालणार नाही, त्यांनी तिथे नेऊ नये. मशीन कितीही बिघडले असले तरी.

एक युक्ती मला उशिरा सापडली. मशीन देताना 'कधी मिळेल' असे विचारू नये. 'माझ्या आधी किती मशीन्स आहेत' असे विचारावे. मागच्या महिन्यात मी तसे विचारले, तेव्हा मिस्त्रींनी जिन्याखाली मान वळवून पाहिले आणि "अकरा" म्हणाले. मी मोजली. अकराच होती.